गोबरगॅसचं गाऱ्हाणं

दत्ताराम इतका स्वच्छ माणूस, की अंघोळीला बसण्याआधी तो साबण धुऊन घ्यायचा. माडावरून उतरवलेले नारळ काथ्याने घासायचा, आणि त्याच्या परड्यात उतरणारे कावळे पाय पुसून मगच उतरतात अशी कोंडवाडीत बोलवा होती. कावळ्यांचं मी छातीठोकपणे सांगत नाही. साबणाचं मात्र खरं आहे, त्याच्या बायकोला, विमलाला, विचारा.

या माणसाला वाडीत एक मान होता. शिमग्यात देवाची पालखी घरोघरी येते, अंगणातल्या पाटावर टेकते, तेव्हा घरच्यांच्या वतीने देवाशी बोलायला कोणीतरी लागतो. काय झालं ते सांगायचं, काय हवं ते मागायचं, चुकलंमाकलं पोटात घे म्हणायचं. प्रत्येक वाक्याला भोवतीची माणसं ‘होय महाराजा’ म्हणून हुंकार भरतात. हे गाऱ्हाणं घालायचा मान दत्तारामाचा. त्याचा आवाज असा, की त्याने इकडे लांजा तालुक्यात ‘देवा’ म्हटलं तर तिकडे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती ‘काय रे’ म्हणून वळून बघेल. आणि त्याचा शब्दही तसाच. गाऱ्हाणं घालणाऱ्याने खोटं बोलायचं नसतं, आणि दत्ताराम बोललाही नव्हता. म्हणजे त्या वर्षापर्यंत.

त्याच्या घरी गोबरगॅस आला तो सुनेमुळे. मुलगा अभय मुंबईला नोकरीला, आणि त्याची बायको तेजल गावच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. रत्नागिरी शहरात वाढलेली, पण हिंडणं-बोलणं असं, की जन्मापासून याच पाखाडीच्या पायऱ्या चढते-उतरते आहे. तिने सासऱ्याच्या मागे लागून गोठ्यामागे टाकी बांधून घेतली. पहिल्या दिवशी शेगडीवर अशी निळी ज्योत आली, की विमला ती बघतच राहिली आणि तव्यावरची भाकरी कौलासारखी वाजायला लागली. तेजलच्या शब्दावर वाडीतल्या आणखी चार बायकांनी ग्रामपंचायतीत टाकीसाठी नावं दिली.

काजूचा हंगाम आला तसं तेजलने आणखी एक सुचवलं. बिया काढून घेतल्यावर बोंडं झाडाखाली कुजत पडतात, त्यातली थोडी थोडी ठेचून टाकीत घालू, गॅस वाढेल. विमलाने नाक मुरडलं, पण घातली. गॅस खरंच वाढला. चहा उकळायच्या आधीच उतू जायला लागला.

टाकीच्या बाबतीत तेजलची ताकीद एकच होती. “बाबा, गोठा धुतल्याचं साबणाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. आत जीव आहेत.”

“शेणात जीव?” दत्ताराम हसला होता. “शेणात किडं असतत गो, जीव नसतो.”

आता झालं असं. पालखी देवळातून निघाली, आणि कोंडवाडीत ती दोन आठवड्यांनी यायची होती. पालखीची वाट दत्तारामाच्या गोठ्यामागून जाते. दत्ताराम त्या वाटेवर उभा राहिला, त्याने देवाच्या उंचीवर नाक नेलं, आणि हुंगलं. टाकीतल्या शेणाला शेणाचा वास येत होता.

हे त्याला सहन होईना. देव काय म्हणेल?

तो लांज्याला गेला आणि पाच लिटरचा काळ्या फिनेलचा कॅन घेऊन आला. दुपारी तेजल शाळेत, विमला काजू वेचायला गेलेली. त्याने गोठ्याची जमीन धुतली, भिंती धुतल्या, दावणी धुतल्या, म्हशीची शिंगंसुद्धा पुसली. ती म्हैस पुढे कित्येक दिवस शिंकत होती आणि दूध काढताना चरवीत फेस जास्त येत होता. एवढं करूनही अर्ध्याहून जास्त कॅन उरला. दत्तारामाने टाकीच्या तोंडावरची फरशी सरकवली, इकडेतिकडे बघितलं, आणि सगळा आत ओतला.

इकडेतिकडे बघितलं, हे लक्षात ठेवा. माणूस अजाणतेपणी काही करतो तेव्हा इकडेतिकडे बघत नाही.

काळं फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. दत्तारामाला वाटलं, वा, शेणसुद्धा उजळलं. त्याने फरशी परत सरकवली आणि हात धुतले.

*

ज्योत दुसऱ्या दिवशी खाली आली. मग बोटभर झाली, मग निरांजनाएवढी, आणि एका सकाळी विमलाने काडी लावली तर शेगडी नुसती फुस्स करून गप्प बसली. विमलाने परत चूल पेटवली. ओली लाकडं, घरभर धूर, आणि धुरापेक्षा जास्त तिचं तोंड.

“सांगत होते, बोंडा घालू नको म्हणून! बोंडानं माणसाचा घसा धरतो, मग टाकीचा नाय धरणार? पण आमचा कोण ऐकतो. आमी काय शाळा शिकलेली नाय.”

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बायका हसल्या. ज्या चौघींनी नावं दिली होती त्या ग्रामपंचायतीत जाऊन नावं काढून आल्या. त्यातली गंगुबाई तर येता येता तेजलला गाठून म्हणाली, “बाई, तुझा विज्ञान पोरांना शिकव हो. त्येंची पोटं घट्ट असतत.”

तेजलने शाळेतला सूक्ष्मदर्शक घरी आणला. खालच्या अंगाला आत्माराम राहायचा, त्याची गोबरगॅसची टाकी जुनी आणि चांगली चालणारी. त्याच्याकडून तिने बाटलीत थोडी रबडी, म्हणजे टाकीतलं पातळ शेण, मागून आणली. आत्माराम हा वाडीत ढोल वाजवणारा, आणि अंघोळ फक्त देव दारात येणार असेल तेव्हाच करणारा माणूस.

संध्याकाळच्या उजेडात ओटीवर सगळं मांडलं. तेजलने हाक मारली, “बाबा, इकडे या. आधी हा आत्मारामकाकांच्या टाकीतला थेंब बघा.”

दत्तारामाने डोळा लावला आणि दचकून मागे झाला. परत लावला. भिंगाखाली मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या बोटी लागल्यासारखी धांदल होती. बारक्या काड्या, टिंबं, मोडलेल्या शेवया, जो तो कुठेतरी निघालेला.

“हे जिवाणू,” तेजल म्हणाली. “बॅक्टेरिया. एकेक म्हणजे एकच पेशी, पण संसार पुरता. आत काय असतं ते या भिंगातून दिसायचं नाही, मी काढून दाखवते.”

तिने खडूने ओटीच्या लादीवर एक लांबट आकार काढला.

“हे घर समजा. एकखणी. बाहेरचा हा गडगा, चिऱ्यांचं कुंपण, म्हणजे पेशीभित्तिका. त्याच्यामुळे आकार टिकतो, आत पाणी भरलं तरी घर फुटत नाही. गडग्याच्या आतून हे पातळ पटल. खरी राखण हे करतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, सगळं याच्या हातात. जगायला लागणारी ऊर्जाही पुष्कळशी इथेच तयार होते.”

“आनी मधी ह्यो दोऱ्याचा गुंता?”

“हा डीएनए. या घराची सगळी वहिवाट त्यात असते, कसं वाढायचं, काय बनवायचं. आपल्या पेशीत त्याला वेगळी खोली असते, केंद्रक म्हणतात. यांच्यात ती खोली नाही. तो असाच मधल्या जागेत असतो, गुंडाळून ठेवलेल्या दोरखंडासारखा.”

“उघड्यावर?” दत्तारामाच्या जिवाला लागलं.

“आणि ही टिंबं म्हणजे रायबोसोम. प्रथिनं इथे बनतात. एकेका पेशीत हजारो.”

“एवढ्याशा घरात हजार चुली,” आतून विमला म्हणाली, “आनी हितं एक पेटत नाय.”

तेजल कोरडं हसली आणि पुढे काढत राहिली. मागे शेपटी, ती होडीच्या इंजिनाच्या पंख्यासारखी गोल फिरते आणि घर पुढे ढकलते. अंगावर बारीक केस, कशाला तरी धरून राहायला. त्यातलाच एखादा लांब हात शेजाऱ्यापर्यंत जातो, आणि आपल्याकडचा एखादा उपयोगी डीएनएचा तुकडा त्याला देऊन येतो.

“फुकट?” विमला दारात येऊन उभी राहिली होती.

“फुकट.”

“मग ते आपल्या वाडीतलं नायत.”

“आणि आई, शेणाचं काम हे सगळे मिळून करतात. जिवाणू शेण फोडतात, त्याचं आम्ल करतात. त्या आम्लाचा गॅस करणारे वेगळे. ते खरं तर जिवाणूही नव्हेत, चुलते म्हणा. दिसायला सारखे, कूळ निराळं. पण एका घरात राहतात. पुतण्यांनी करून दिलेलं चुलते संपवतात. त्यात चुलते फार नाजूक. ते आधी मरतात, आणि मग आम्ल साठत जातं.”

मग तिने काचपट्टी बदलली. “आता हा आपल्या टाकीतला.”

दत्तारामाने डोळा लावला. पालखी पुढे गेल्यावर मागे मैदान उरतं, तसं दिसत होतं. काड्या होत्या, शेवया होत्या, पण जागच्या जागी. कडेला एखाददुसरा वळवळत होता, आणि तोही, दत्तारामाला वाटलं, आपल्याकडेच बघतोय.

“कशानं मेले?” त्याने विचारलं. तो आवाज आंजर्ल्याला सोडा, चुलीपर्यंतसुद्धा पोचला नाही.

“आम्लाने मरतात. कीटकनाशकाने मरतात. फिनेल असेल तर ते पटलच फाडतं. बाहेरचा गडगा उभा दिसतो, पण आतलं सगळं झिरपून बाहेर जातं.” तिने लिटमसचा कागद टाकीच्या पाण्यात बुडवला. तो लाल झाला. मग तिने मान वर करून सरळ त्याच्याकडे बघितलं. “बाबा, टाकीत कोणी काही ओतलं नाही ना? तुम्ही घरी असता दिवसभर, म्हणून विचारते. कोणी फिनेल वगैरे?”

“नाय.”

इतका स्वच्छ ‘नाय’ दत्ताराम जन्मात बोलला नव्हता. त्याच्यावर एक डाग नव्हता.

तेजलने मान डोलवली. त्याच्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं. तिने ओल्या फडक्याने लादीवरचं घर पुसलं, गडग्यासकट. “मग माझी बोंडंच. मीच आंबट घातलं आणि मीच चुलत्यांना मारलं. आई बरोबर बोलत होत्या.”

*

एका जिवाणूचे दोन व्हायला, चांगलं खायला मिळालं तर, वीस मिनिटं पुरतात. दोनाचे चार, चाराचे आठ. हे तेजलनेच सांगितलं होतं. दत्तारामाच्या पोटातलं ते ‘नाय’ त्याहून भराभर वाढायला लागलं. जेवायला बसला तर आमटीला फिनेलचा वास. पान तोंडात टाकलं तर चुन्याला फिनेलचा वास. तोंडातसुद्धा अब्जावधी जिवाणू असतात असं कळल्यापासून चूळ भरताना तो आधी थांबायचा आणि हळूच म्हणायचा, “सांभाळा रे.” अंघोळीत साबण नुसता दाखवल्यासारखा करायचा. विमलाला वाटलं नवरा आजारी पडला. तिने त्याची दृष्ट काढली.

गोठ्यामागे तो आता दबकत चालायचा. गडग्याचे चिरे दिसले की त्याला वाटायचं, हा उभा आहे, पण आत काय उरलंय?

एके दिवशी तेजल वह्या तपासत होती तिथे तो जाऊन उभा राहिला.

“काय गो, ते सगळेच मरतत काय? कोणी उरत नाय?”

“काही जिवाणू उरतात. वेळ वाईट आली की ते आपला डीएनए एका टणक कवचात बांधून ठेवतात. फणसाच्या आठळीसारखं. उकळलं तरी लवकर मरत नाहीत, वर्षानुवर्षं पडून राहतात. बीजाणू म्हणतात.”

दत्तारामाचा चेहरा उजळला. “मग आपले चुलते पण तसे—”

“चुलत्यांना ती विद्या नाही, बाबा. म्हणून तर ज्योत येत नाही.” तिने पेन खाली ठेवलं. “तुम्ही कशाला एवढा जीव लावताय? चूक माझी आहे. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

आता सांगायचं, असं ठरवून त्याने तोंड उघडलं. आणि म्हणाला, “चहा घेतलास काय?”

असं त्याचं रोज व्हायला लागलं. आत्मारामाला सांगावं म्हणून खालपर्यंत गेला आणि ढोलाची वादी घट्ट करून परत आला. म्हशीला सांगितलं. ती शिंकली. मग तेवढ्यावरच तो थोडा हलका झाला, आणि हलका झाल्याची लाज वाटून परत जड झाला.

पालखी येण्याच्या आदल्या दुपारी पानावर विमलाने विषय काढला.

“उद्या देव येतो. पन्नास माणसांचा चाय चुलीवर करायचा हाय, धुरात. देवाला जाब नको द्यायला? तेजल, तू उद्या पालखीपुढं नाक घासायचा. आनी तुमी,” ती नवऱ्याकडे वळली, “गाऱ्हाण्यात सांगायचा, सूनबाईची चूक झाली, पोटात घे.”

तेजलने घास खाली ठेवला. आता ही भांडेल, असं दत्तारामाला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“घासेन, आई. देवासाठी म्हणून नाही. चार बायकांनी माझ्या शब्दावर नावं दिली होती, त्या सगळ्या तिथे असतील. त्यांच्यासमोर मला म्हणायचंच आहे, की माझं चुकलं.” मग तिने पुढचंही सांगून टाकलं. “आणि शिमग्यानंतर मुख्याध्यापकांना सांगणार आहे, विज्ञान दुसऱ्या कोणाला द्या. स्वतःच्या घरातली टाकी मला कळली नाही. मी पोरांना काय सांगू?”

“मी—” दत्ताराम म्हणाला.

“तुमी काय?” विमला म्हणाली. “तुमी गाऱ्हाणा नीट घाला, तेवढा बस.”

त्याने भात पुढे ढकलला आणि उठला. त्या दिवशी त्याने हात धुतले नाहीत, असं विमला अजून सांगते.

*

पालखी आली. ढोल असा वाजत होता, की परड्यातले कच्चे आंबे देठ सोडून उड्या मारत होते. सकाळीच मुंबईहून उतरलेला अभय पालखीला खांदा देऊन नाचला, आत्माराम अंघोळ केल्यामुळे कोणाला पटकन ओळखू आला नाही, आणि शेवटी देव दत्तारामाच्या अंगणात पाटावर टेकले. विमलाने ओटी भरली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. नावं काढून घेतलेल्या चौघीजणी पुढच्याच रांगेत होत्या. तेजल पदर खोचून पालखीसमोर गुडघ्यावर बसली आणि तिने मान खाली घातली.

ढोल थांबला. दत्ताराम हात जोडून पुढे झाला.

“देवा म्हाराजा! आज तुझा पाय ह्या लेकराच्या अंगणाला लागला!”

“होय महाराजा!”

“वरसाचा राखण तू केलास, गुरावासरांचा, बायाबापड्यांचा, मुंबईच्या पोरांचा!”

“होय महाराजा!”

“ह्या घरचा गॅस गेला म्हाराजा!”

“होय महाराजा!”

“त्याचा दोष सूनबाईच्या काजूच्या बोंडांवर आला!”

“होय महाराजा!”

इथे पुढचं वाक्य ठरलेलं होतं. ते त्याच्या जिभेवर येऊन बसलं आणि खाली उतरेना. तेजलचं कपाळ जमिनीला टेकलं होतं, सारवणाचा चुरा तिच्या केसांना लागला होता. माणसं वाट बघत होती. अभयने हळूच म्हटलं, “बाबा, पुढे.”

“तो दोष,” दत्ताराम म्हणाला, “तिचा नाय.”

“होय महाराजा!” सवयीने सगळे म्हणाले.

“टाकीत फिनेल मी ओतला!”

“होय महाराजा!”

“लांज्याहून आणलेला! पाच लिटरचा कॅन! शेणाला वास येत होता म्हणून!”

“होय महाराजा!”

“तिनं सांगितलान होता, आत जीव हायत. मना ठावूक होता. तरी तुझी मोजता येणार नायत एवढी लेकरा मी मारलंय. त्येंचा गडगा उभा ठेवून आतला सगळा सांडवलंय!”

“होय महाराजा!”

“अरे, एवढ्या मोठ्यानं होय म्हणू नका!”

“होय महाराजा!”

“आनी तिनं मना तोंडावर विचारलान, तेव्हा मी खोटा बोललंय. ती ह्यो असा कपाळ टेकून बसेपर्यंत बोललंय नाय.”

आता कोणी हुंकार दिला नाही. आधीची वाक्यं आत्ता कुठे एकेकाच्या कानातून डोक्यात पोचत होती. अंगणात फक्त चुलीवरचं आधण उकळत होतं. गंगुबाईला कमी ऐकू येतं, तिने एकटीने, उशिरा, खणखणीत आवाजात म्हटलं, “होय महाराजा.”

विमला पुढे आली. नवऱ्याकडे न बघता तिने सुनेच्या दंडाला धरलं. “ऊठ गो,” ती म्हणाली, आणि आपल्या पदराने तिच्या कपाळावरची माती पुसायला लागली. पुसून झाली तरी पुसतच राहिली. तिलाही काहीतरी म्हणायचं होतं, पण गाऱ्हाणं घालायचा सराव तिला नव्हता.

पालखी पुढच्या घराकडे गेली. अंगण रिकामं झालं.

“बाबा,” तेजल म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं.”

“व्हय.”

“सरळ विचारलं होतं. फिनेल असं नाव घेऊन विचारलं होतं.”

“व्हय गो.”

“मी रोज झोपताना स्वतःला शिव्या घालत होते, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत होतात.”

ती घरात निघून गेली.

*

टाकी बरी करायचं काम तिने सांगितलं, चार शब्दांत, नजर दुसरीकडे ठेवून. थोडं बाहेर काढा, चुन्याची निवळी घाला, ताजं शेण घाला, आणि चालत्या टाकीतली रबडी विरजणासारखी आणून घाला. चालती टाकी एकच, आत्मारामाची.

अभय म्हणाला, मी आणतो. तेजल म्हणाली, “नको.”

म्हणून दत्ताराम, जो साबण धुऊन घ्यायचा तो, डोक्यावर चुंबळ ठेवून शेणाच्या रबडीची घमेली खालच्या अंगापासून वर वाहायला लागला. पाखाडी उभी, पायऱ्या झिजलेल्या. प्रत्येक पायरीला थोडी रबडी कानावरून मानेत उतरायची. वाडी दारात उभी राहून बघायची.

“दत्ता,” आत्माराम टाकी ढवळत म्हणाला, “वरती केळीचा पान टाकून देऊ काय रे? अंगावर सांडायचा.”

“असाच दे. आनी हळू ढवळ. चुलते हायत आत.”

कपडे तो बदलायचा नाही. शिमगा संपला, चाकरमानी परत गेले, अभयही गेला, आणि दत्ताराम अजून रबडीच वाहत होता. तेजल पुरे म्हणेना, आणि आपणहून थांबायची त्याची हिंमत नव्हती. एका सकाळी विमलाने शेगडीला काडी लावली आणि किंचाळली. निळी ज्योत. लहानशी, पण निळी. त्या ज्योतीवर केलेला पहिला चहा तेजलने आणून सासऱ्याच्या पुढे ठेवला.

“झाला ना गो आता?” त्याने भीतभीत विचारलं.

“गॅसचं झालं.”

“मी देवापुढं सांगितलंय. सगळ्या वाडीपुढं.”

“सांगितलंत. पण तिथे होय म्हणायला माणसं उभी असतात, बाबा. तुम्ही काहीही म्हणा, ती होय म्हणतात.” ती चौकटीला टेकून उभी राहिली. “उद्या माझ्या सातवीच्या वर्गात या. विज्ञान मी सोडलेलं नाही. जिवाणूची रचना शिकवायची आहे. तुम्ही शिकवा. आणि टाकीचं काय झालं तेही सांगा, मधलं काही न गाळता.”

“पोरांपुढं?”

“पोरांपुढं.”

दत्ताराम गेला. त्याने फळ्यावर गडगा काढला, आतलं पटल काढलं, दोरखंड काढला, हजार चुली टिंबटिंब करून काढल्या. शेपटी जरा जास्तच वळवळती झाली. मग त्याने फिनेलची गोष्ट सांगितली. इकडेतिकडे बघितल्याचं सांगितलं. तेजलने विचारलेलं आणि आपण दिलेलं उत्तर सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर तो हुंकाराच्या सवयीने थोडा थांबायचा. वर्गात पंख्याचा आवाज येत होता.

सानिका नावाची एक मुलगी दुसऱ्या बाकावरून उठली.

“आजोबा, पण आता गॅस येतो ना तुमच्याकडे?”

“येतो.”

“मग ते मेलेले परत जिवंत झाले?”

दत्तारामाने मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. ती मदतीला आली नाही. खोटं सांगणं सोपं होतं, आणि गोडही होतं. सबंध वर्ग तेच ऐकायला कान टवकारून बसला होता.

“नाय गो बाय,” तो म्हणाला. “ते गेले. हे आत्मारामाच्या घरचे.”